शेवटच्याचं जाकीट

शांतारामच्या टोळीचे नियम दोनच. एक, जिथे वळायचं त्या फाट्यावर एकाने उभं राहायचं, मागच्यांना वाट दाखवायची आणि शेवटचा येईपर्यंत जागा सोडायची नाही. दुसरा, फाट्यावर माणूस दिसला नाही तर डोकं चालवायचं नाही, सरळ जायचं. नियम मोडले की माणसं मरतात असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इथे कोणी काही मोडलं नाही हो. सगळ्यांनी मुकाट पाळलं, आणि तेच नडलं.

शांताराम गोव्यातल्या धारगळचा. आधी खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, आणि पन्नाशीला टेकलेला हा गडी एक दिवस जाड टायरांची डोंगरी सायकल घेऊन आला. लोक हसले. हसणारच. ट्रकावरून उतरून सायकलवर बसणाऱ्याला कोण शहाणा म्हणेल? पण हसता हसता चार जण त्याच्या मागे लागले, आणि महिन्यातून एक रविवार पिकअपमध्ये सायकली आडव्या टाकून कधी आंबोली, कधी चोर्ला, कधी नुसतंच आपल्या डिचोलीतलं रान, असं फिरणं सुरू झालं.

नियम त्याने खाणीवरूनच आणले होते. तिथे ट्रकांची रांग निघाली की शेवटच्या गाडीला पिवळं फडकं बांधायचे. फाट्यावरच्या माणसाला ते फडकं दिसलं की तो बावटा गुंडाळून मोकळा. टोळीत फडक्याच्या जागी जाकीट आलं, शांतारामचंच जुनं, खाणीवरचं, चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट. ते ज्याच्या अंगावर तो शेवटचा. त्याने सगळ्यांच्या मागे राहायचं, कोणी पडलं झडलं तर बघायचं. जाकीट दिसलं की फाट्यावरच्याने निघायचं. तोंड बघायची गरज नाही.

ते जाकीट कायम प्रज्योतकडे. टोळीत सगळ्यात दमाचा तोच. डिचोलीत त्याचं छोटंसं विजेच्या सामानाचं दुकान होतं, गेल्याच वर्षी लग्न झालेलं. त्याची बायको सेजल प्रत्येक सफरीनंतर जाकिटातली तांबडी माती धुऊन काढायची. एकदा पाठीवरची पट्टी उसवली तर घरात पिवळा धागा नव्हता म्हणून तिने तांबड्या धाग्याने शिवली. “तेका तुम्ही सगळ्यांच्या मागे ठेवतास,” ती एकदा सुविधाला म्हणाली होती, “म्हणान घराक पण तो शेवटचोच येता.” म्हणाली आणि स्वतःच हसली.

सुविधा म्हणजे टोळीतली नवी आणि सगळ्यात हळू. पेडण्याच्या शाळेत गणित शिकवायची, उंच, शिडशिडीत, पाठमोरी थेट प्रज्योतच्याच अंगाची. सायकल शिकली ती कौतुकाने नव्हे. आईचं आजारपण दोन वर्षं काढलं, आई गेली, आणि रविवार खायला उठायला लागले. प्रज्योत तिच्या भावाचा वर्गमित्र, त्यानेच तिला ओढून आणलं. पण चढ आला की सुविधाचा जीव मेटाकुटीला. प्रत्येक फाट्यावर कोणीतरी तिच्यासाठी ताटकळत असायचं. टोळीतला बाबली असला तर झाडाला टेकून जांभई द्यायचा आणि म्हणायचा, “ये गो बाय, सावकाश ये. माका काय, माका उद्या सकाळी कामार जावचा असा.” बाबली सगळ्यांनाच टोचायचा, मनात काही नसायचं त्याच्या. तरी तिला लागायचं. या खेपेला कोणाला थांबवायचं नाही, नाहीतर पुन्हा यायचंच नाही, असं ती घरून ठरवून निघाली होती. एवढीशी तिची इच्छा. देवाने ती पुरी केली, काय म्हणावं त्याला.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी मोपाच्या विमानतळाजवळच्या सड्यावर, उघड्या माळावर, सायकली पळवल्या, डोक्यावरून विमानं उतरत होती आणि बाबली प्रत्येकाला हात करत होता. धारगळला येऊन गरम उंडे पाव आणि पातळ भाजी खाल्ली. सेजलने डबाभर नेवऱ्या, दिवाळीच्या करंज्या, दिल्या होत्या, त्या तिथेच फस्त झाल्या. मग सायकली पिकअपमध्ये घालून डिचोलीकडे. पिकअप कृष्णनाथ चालवायचा, गुडघा गेल्यापासून त्याने सायकल सोडली होती, टोळी सोडली नव्हती. बेत असा की दुपारी खाणीच्या डोंगरावर चढायचं, मागच्या उतारावरून रान कापत नार्व्याला नदीकाठी उतरायचं, कृष्णनाथ गाडी घेऊन तिथे थांबणार.

डोंगराच्या पायथ्याशी शांतारामने वाट सांगायला तोंड उघडलं. “वयर गेल्यार मोठा वारूळ असा, थंयसून...”

“दादा, तुम्ही पुढे, मी फाट्यार, प्रज्योत मागे,” बाबली म्हणाला. “वाट पाठ करून काय परीक्षा देवची असा?”

सगळे हसले. शांतारामही हसला आणि पुढचं बोलायचं राहिलं. सुविधाला ते नंतर पुन्हा पुन्हा आठवलं. वारुळापाशी सरळ गेलं तर काय आहे, हे त्याच्या जिभेवर होतं.

“पुढच्यास ठेच मागचा शहाणा,” बाबलीचं चालूच होतं. “म्हणान आमचो प्रज्योत सगळ्यात शहाणो. नेमी मागे.”

“शहाणो नाय रे, भित्रो,” प्रज्योत म्हणाला आणि सुविधाकडे बघून डोळे मिचकावले. तिच्यासाठीच तो मागे राहतो हे कोणी बोलायचं नाही, आणि सगळ्यांना माहीत असायचं.

चढ वाईट होता. खाण बंद होऊन वर्षं झाली तरी तिथली माती अजून रक्तासारखी तांबडी, पावसाने जागोजागी चर पडलेले. शांताराम आणि बाबली केव्हाच दिसेनासे झाले. सुविधा जिद्दीने पायडल मारत होती. मागून प्रज्योत “बरा चल्लासा, दम धर” म्हणत होता. मग एका चरात पुढचं चाक गेलं आणि ती काजूच्या वाळक्या फांद्यांत जाऊन पडली.

हाडाला काही झालं नाही. पण शर्ट मानेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटला, पाठ उघडी पडली. सुविधा उठलीच नाही. गुडघे पोटाशी घेऊन तशीच बसली. शाळेतली बाई, चाळिशी जवळ आलेली, रानात उघडी पाठ घेऊन बसलीय, आणि आता ह्याच अवतारात बाबलीपुढे जायचं. तिला रडू यायला लागलं.

तोंड वळवून प्रज्योतने जाकीट काढलं आणि मागे हात करून तिच्यापुढे धरलं. “घाल. सेजलान काल धुतलासा, वास येवचो नाय.”

तिने घातलं. चेन गळ्यापर्यंत ओढली. तिला इतकं बरं वाटलं की जाकीट कशासाठी असतं हे तिच्या मनात आलं नाही. त्याच्याही नाही. त्याला तेव्हा एका बाईची लाज झाकायची होती, बस.

पुढे थोड्याच अंतरावर त्याच्या मागच्या चाकातून फुस्स आवाज झाला. एखाद्या बोरीचा काटा असणार. त्याने खाली उतरून टायर दाबलं, चुकचुकला.

“मी थांबते,” सुविधा म्हणाली.

“कित्याक? तू हळू जातंस, मी पंक्चर काढून तुका गाठतंय. बाबली फाट्यार उभो आसतलोच, दोघांक एकदम शिव्या घालतलो.” आणि तो ट्यूब काढायला बसलासुद्धा. ती निघाली. मागे वळून पाहिलं तेव्हा तो पंप मारत होता आणि मान न उचलताच त्याने एक हात वर केला.

वारूळ दिसलं. बाबली त्याच्या पलीकडे, डाव्या वाटेच्या तोंडाशी सायकलवर एक पाय टेकून उभा होता. काजूच्या पानांतून त्याला पिवळं दिसलं असावं, कारण सुविधा अजून लांब असतानाच त्याने हात वर केला, डावीकडे बोट दाखवलं आणि सुसाट निघून गेला. जांभई नाही, टोमणा नाही.

आणि सुविधाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, तिला मनापासून आनंद झाला. पहिल्यांदाच तिच्यासाठी कोणी ताटकळलं नव्हतं. आपण आज वेळेत आलो, बाबलीला आपली वाट बघावी लागली नाही, असं वाटून तिने अंगात आलेल्या नव्या जोराने सायकल डावीकडे वळवली आणि उतारावर सोडली. वारा जाकिटात शिरत होता. आई गेल्यापासून इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं. मागे वारुळापाशी कोणी उभं नव्हतं.

नार्व्याला नदीकाठी कृष्णनाथने गाडी माडाखाली लावली होती. शांताराम पाण्यात पाय सोडून बसला होता. बाबली चहावाल्याशी हुज्जत घालत होता. पिवळं जाकीट बांधावरून येताना दिसलं तसा शांताराम उठला. “चला, शेवटचो इलो. सायकली चढवा.” मग तो थबकला. “सुविधा खंय रवली?”

सुविधाने हेल्मेट वर केलं. “मी इथे आहे की.”

बाबली खो खो हसला. “आयला, पाठमोरी सोडच, तोंडानसुद्धा तुमी जुळी दिसतास! ह्या जाकीट...” आणि हसता हसता त्याचा चेहरा असा बदलला की कृष्णनाथने हातातला पेला खाली ठेवला.

“ता जाकीट तुझ्या आंगार कसा?”

“माझा शर्ट फाटला. त्याने दिलं. पंक्चर काढतोय, मागून येतोय तो.”

“फाट्यार तूच इलंस?”

“हो.”

“तू! पिवळा दिसला म्हणान मी समाजलंय तुमी दोघाय एकदम इलास. मी सुटलंय थंयसून!” बाबली ओरडला. “तुका कळाक नाय? जाकीट आंगार घालून फिरतंस आणि मागे कोण नाय ह्या...”

“बाबली, गप.” शांतारामचा आवाज अगदी हळू होता. तो प्रज्योतला फोन लावत होता. फोन लागत नव्हता. डोंगराच्या त्या बाजूला तसाही लागायचा नाही, म्हणून सगळे एकमेकांना सांगत राहिले की लागायचा नाहीच, त्यात काय.

“सरळ गेलो तर काय असा थंय?” कृष्णनाथने विचारलं.

शांताराम गाडीत जाऊन बसला होता.

पिकअप वारुळापर्यंत कशीबशी चढली. वाटेभर सुविधा मनाशी घोकत होती. तो फाट्यावर बसला असेल. शहाणा आहे, कोणी दिसलं नाही तर बसेल, हाका मारेल, शिव्या देईल. देवा सप्तकोटेश्वरा, तो मला खूप शिव्या देवो. जाकीट तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

वारुळापाशी कोणी नव्हतं. डाव्या वाटेवर तीन सायकलींच्या खुणा वळलेल्या होत्या. चौथी खूण एकटीच होती आणि सरळ गेली होती, जराही न डगमगता, तांबड्या मातीत कोणी दोरी टाकावी तशी. शांताराम त्या खुणेशी वाकला आणि वाकलेला तिथेच खाली बसला.

“सरळ गेलो,” तो म्हणाला. “माणूस नाय दिसलो, म्हणान सरळ गेलो. मीच शिकयलंय तेका.”

ती वाट पूर्वी ट्रकांची होती. झाडीतून बाहेर पडल्यावर एकदम उतार लागायचा आणि उताराच्या टोकाला रस्ता वळून खाणीच्या खड्ड्याच्या कडेकडेने जायचा. त्या पावसाळ्यात ते वळणच खाली कोसळलं होतं. उशीर झालेला माणूस, मागे राहिलोय म्हणून घाई करणारा, पुढच्यांना गाठू म्हणून ब्रेक सोडून उतरणारा. त्याला कड दिसेपर्यंत कड संपलेली. खाली हिरवंगार, निवांत पाणी होतं आणि काठाच्या चिखलात सायकलचं एक चाक वर आलेलं होतं. पंक्चर काढलेलं, हवा भरलेलं मागचं चाक.

बाबलीने टाहो फोडला. तो खाली उतरायला लागला, कृष्णनाथने त्याला कमरेला धरून मागे ओढलं, दोघेही पडले. “मी सुटलंय! मी थांबाक नाय!” एवढंच बाबली म्हणत होता. सुविधाला रडता येईना. तिच्या मनात आलं की बाबलीला जवळ घ्यावं आणि म्हणावं, तू नाही रे, मी. पण पाय हलले नाहीत.

शांताराम पुन्हा माणसात आला तो फोन लागेल अशा जागी धावला. गावातली माणसं येतील, अग्निशामक दलाची गाडी येईल, त्यांना वाट कळायला हवी. परत येऊन त्याने सुविधाला खांद्याला धरलं. “तू फाट्यार जा. कोण इलो तर सरळ धाड. ऐकलंस? थंयसून हलू नको.”

तर सुविधा वारुळापाशी जाऊन उभी राहिली. डोक्यावर हेल्मेट, अंगात जाकीट, काढायचं भान कोणाला आणि काढलं तर आत फाटका शर्टच. माणसं आली. “खंय गो?” म्हणाली. तिने सरळ बोट दाखवलं. दोरखंड घेऊन पोरं आली, तिने बोट दाखवलं. मोठी गाडी धुरळा उडवत आली, ड्रायव्हरने नुसतं बघितलं, तिने बोट दाखवलं. कोणी वाट चुकलं नाही. इतकं सोपं काम होतं ते. इथे एक माणूस उभा हवा होता, थोडा वेळ.

ऊन कलंडलं. झाडांखाली अंधारायला लागलं. खालून कधी मोठ्याने बोलणं ऐकू यायचं, कधी काहीच नाही. मग एकदम सगळे आवाज थांबले, आणि त्या शांततेत बाबली पुन्हा ओरडला. सापडला, हे तिला कळलं. ती फाट्याकडे पाठ करून खड्ड्याच्या वाटेकडे बघत राहिली. आता त्याला ह्याच वाटेने वर आणतील.

मागून स्कूटरचा आवाज आला. चढाला धापा टाकत, दगडांवरून आपटत कोणीतरी घाईने येत होतं. दिव्याचा उजेड सुविधाच्या पाठीवर पडला आणि जाकिटावरच्या पट्ट्या लखकन उजळल्या. स्कूटर बंदसुद्धा न करता कोणीतरी टाकली, ती घरघरत आडवी पडली.

“आगो बाय माझ्या!” सेजलचा आवाज. तो रडतही होता आणि हसतही होता. “मेल्या! फोन कित्याक घेत नाय रे? बाजारात कोण म्हणता सायकलवालो पडलो, खाणीत पडलो... माझो जीव गेलो नुसतो! कशी इलंय ता माका म्हायत!”

पावलं धावत आली. दोन हात सुविधाच्या कमरेभोवती पडले, घट्ट, आणि एक ओलं तोंड जाकिटाच्या पाठीत, तांबड्या धाग्याने शिवलेल्या पट्टीवर येऊन टेकलं. सेजल हुंदके देत होती, आणि मधूनच पाठीवर हलकी चापट मारत होती. “परत जावचा नाय. सांगून ठेवतंय. शेवटी रवाक दुसरो कोण गावना नाय तेंका? चल घराक. आताच्या आता चल.”

सुविधाने श्वास रोखला. सेजलचं काळीज पाठीला लागून धडधडत होतं, ते हळूहळू शांत होत चाललेलं तिला कळत होतं. खालच्या वळणावर बॅटऱ्यांचे उजेड दिसायला लागले होते. चार जण काहीतरी उचलून, पावलं जपत वर येत होते.

सेजलला ते दिसायच्या आत सुविधालाच सांगायला हवं होतं. आजवर त्या जाकिटाचं तोंड बघायची कोणाला गरज पडली नव्हती. कमरेवरचे हात तिने आपल्या हातांत धरले, आणि ती वळली.